वेळ कुठं गेला, तेवढं सांग

कामं आवरून रेडिओपाशी बसलात, बरं वाटलं.

आपण चौघी जमलो की बाळंतपणाच्या गोष्टी निघतातच. कुणी दोन दिवस कळा सोसल्या, कुणाची गाडी काळ्या मातीच्या चिखलात रुतली. आपण ऐकतो, हळहळतो आणि उठून कामाला लागतो. पण त्या गोष्टीत पुढच्या बाईचा जीव वाचवायची वाट असते.

आमच्या गटातल्या एका सुनेला नववा लागला होता. रात्री अंगावरून रक्त जायला लागलं. नवरा ऊसतोडीला गेलेला. सासूबाई म्हणाल्या, "उजाडू दे." पोरगी वाचली. सगळे म्हणाले, देव पावला. महिन्यानं आम्ही तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "वेळ कुठं गेला, तेवढं सांग."

तिनं सांगितलं. जायचं की नाही हे ठरवण्यात दोन तास. गाडी शोधण्यात दीड तास. पहिल्या दवाखान्यात रक्ताची सोय नव्हती, पुढं पाठवलं, त्यात आणखी वेळ. जाणकार यालाच तीन उशीर म्हणतात: ठरवायला उशीर, पोचायला उशीर, उपचार मिळायला उशीर. हे ऐकून सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं. आम्ही त्यांना बोल लावला नाही. नववा लागल्यावर रक्त गेलं तर उजाडायची वाट बघायची नाही, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

बाळंतीण दगावली, तर आरोग्य खात्याची माणसं घरी येऊन काय घडलं ते विचारतात, तसा नियम आहे. पण मरता मरता वाचली, तिच्या दारात सहसा कुणी येत नाही. तिला आपणच विचारायचं.

विचारल्यानं काय होतं? गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली. 1989 साली ते छापून आलं. शंभरातल्या 92 जणींना अंगावरचा काही ना काही आजार निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त 8. बाया गप्प होत्या, म्हणून दुखणं दिसत नव्हतं.

तर गटाच्या बैठकीत महिन्याला एकीची गोष्ट ऐका. तिची मर्जी असेल तरच, आणि तिचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. तीन प्रश्न विचारा: ठरवायला किती वेळ गेला, गाडीला किती, दवाखान्यात किती? पैसे कुठं लागले आणि कुणी कसं वागवलं, तेही विचारा. लिहून घ्या. आशाताईंना दाखवा, ग्रामसभेत मांडा.

हक्कही माहीत असू द्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी 2011 पासून मोफत आहे. गाडीसाठी 102 किंवा 108 लावा. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते.

आमच्या गावात आता प्रत्येक गरोदर बाईच्या दारामागं खडूनं गाडीचा नंबर लिहिलेला असतो. त्या सुनेनं सांगितलं, म्हणून ते सुचलं.

पुढच्या बैठकीत तुमच्यातली कोण सांगणार?