तुरीचे मूळ आणि मुसीचा गाळ

हैदराबादच्या वायव्येस पाटणचेरू येथे १९७२ साली 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. तेथे ज्या पिकांचा अभ्यास होतो त्यांत तूर हे एक प्रमुख पीक होय. श्रोत्यांपैकी कोणी तुरीचे कोवळे रोप जपून उपटले, तर त्याच्या मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी गाठ नखाने फोडावी. आतील भाग गुलाबी निघाला, तर जीवाणूंचे काम तेथे चालू आहे असे समजावे.

हवेत शेकडा ७८ भाग नत्रवायू आहे. परंतु त्याच्या दोन अणूंची जोडी इतकी घट्ट, की वनस्पतींना त्याचा प्रत्यक्ष उपयोग नाही. खतांच्या कारखान्यात ती जोडी फोडण्यास चारशे ते पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. मुळांतील जीवाणू तेच कार्य शेतातील साध्या मातीत करतात आणि झाडाकडून मोबदल्यात साखर घेतात.

हा नत्र पुढे डाळीतील प्रथिन होऊन शहराच्या स्वयंपाकघरात येतो आणि अखेर सांडपाण्याबरोबर अमोनियाच्या रूपाने मुसी नदीत उतरतो. डाळीचे गुण सर्वांना ठाऊक असतात. हा उत्तरार्ध मात्र क्वचितच कोणी सांगतो. पाण्यात प्राणवायू असेल, तर जीवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट आणि दुसरा गट त्याचे नायट्रेट करतो. ही श्रमविभागणी रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिली. नंतर तळच्या प्राणवायुहीन गाळात तिसरेच जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायू श्वसनासाठी घेतात आणि नत्रवायू पुन्हा हवेत सोडतात. ही शेवटची पायरी अपुरी राहिली, तर नायट्रस ऑक्साइड सुटतो. वातावरण तापविण्यात तो कार्बन डाय-ऑक्साइडहून सुमारे पावणेतीनशे पट प्रबळ आहे.

शहराच्या खालच्या अंगाच्या गावांत मुसीच्या पाण्यावर चाऱ्याचे गवत व भात पिकतो. पाण्यातील नत्र म्हणजे शेतकऱ्याला फुकटचे खतच. म्हणून नदीला सरसकट विषाची नदी म्हणणे न्यायाचे नाही. बंधाऱ्यांपाशी पाणी संथ होते, तेथे जीवाणूंना सवडही मिळते. पण सांडपाणी फार झाले, की प्राणवायू संपतो, पहिलीच पायरी थांबते आणि अमोनिया तसाच राहून माशांचे प्राण घेतो. उलट पिकांनी न घेतलेले नायट्रेट झिरपत विहिरींत पोचते. पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली गेल्यास धोका विशेषतः तान्ह्या मुलांना असतो, आणि पाणी उकळून तो टळत नाही.