कल्पनेतली राणी आणि पाच मुलींची शाळा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



इतिहासाच्या तासाला आपण रझिया सुलताना, चाँदबीबी, नूरजहाँ यांची चरित्रे वाचतो. आज मी ज्या राणीची हकीकत सांगणार आहे, तिचे नाव कोणत्याही सनावळीत सापडायचे नाही. ती एका गोष्टीतली राणी आहे. परंतु तिचा राज्यकारभार असा आहे की, त्यावर आपण सर्वांनी, विशेषतः पालकांनी, विचार करावा.

ही गोष्ट बेगम रुकय्या सखावत हुसेन या बंगाली मुस्लिम बाईंनी इंग्रजीत लिहिली. नाव ‘सुलतानाचे स्वप्न’. ती 1905 साली मद्रासच्या एका महिला मासिकात प्रसिद्ध झाली. सुलताना हे स्वप्न पाहणाऱ्या स्त्रीचे नाव. स्वप्नात ती ‘लेडीलँड’ नावाच्या देशात जाते आणि तिथल्या राणीची कहाणी ऐकते.

ही राणी अवघ्या तेराव्या वर्षी गादीवर आली. ती नावाचीच राणी. खरा कारभार प्रधानाच्या हाती. त्या काळी तिच्या देशातही स्त्रिया जनानखान्यात बंदिस्त होत्या. राणीला मात्र विज्ञानाची गोडी होती. तिने एक फर्मान काढले: राज्यातील प्रत्येक स्त्रीला शिक्षण मिळाले पाहिजे. सरकारी खर्चाने मुलींच्या शाळा निघाल्या. दुसरी आज्ञा अशी की, 21 वर्षांच्या आत कोणत्याही मुलीचे लग्न होता कामा नये. मित्रहो, हे 1905 साली लिहिलेले आहे. आपल्या देशात बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा 1929 साली आला, आणि त्यातही मुलीच्या लग्नाचे वय 14 च होते. ते 18 व्हायला 1978 साल उजाडावे लागले.

पुढे त्या राज्यात स्त्रियांची दोन विद्यापीठे झाली. एकीने ढगांतून पाणी ओढून घेणारा फुगा तयार केला. दुसरीने सूर्याची उष्णता साठवण्याची यंत्रे बनवली. पुरुषमंडळी तेव्हा लष्कर वाढवण्यात गुंतली होती. त्यांनी हे सारे हसण्यावारी नेले.

मग युद्धाचा प्रसंग आला. शेजारच्या राज्यातून काही माणसे आश्रयाला आली. तिथल्या राजाने ती परत मागितली. शरण आलेल्यांना परत देणे राणीच्या मनाला पटेना. तिने नकार दिला. राजाने स्वारी केली. सोळा वर्षांची मुलेसुद्धा रणांगणावर गेली, तरी शत्रू राजधानीपासून 25 मैलांवर येऊन ठेपला. तेव्हा राणीने विदुषींची सभा बोलावली. दुसऱ्या विद्यापीठाच्या प्राचार्या आपल्या दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन निघाल्या आणि साठवलेले ऊन त्यांनी शत्रूवर सोडले. तो झोत सोसेना. शत्रू शस्त्रे टाकून पळाला. थकलेले पुरुष तत्पूर्वीच मुकाट्याने घरात जाऊन बसले होते. ते पुढे तिथेच राहिले, आणि जनानखान्याऐवजी ‘मर्दानखाना’ सुरू झाला!

यावर पुरुषांनी रागावण्याचे कारण नाही. लेखिकेने आपल्यापुढे आरसा धरला आहे. चार भिंतींत कोंडलेला पुरुष आपल्याला हास्यास्पद वाटतो, मग स्त्रीच्या बाबतीत तेच सवयीचे का वाटावे, एवढाच तिचा प्रश्न आहे. शिवाय राणीचा विजय नीट पाहा. लढाईच्या दिवशी शाळा काढून उपयोग झाला नसता. शाळा आधी कित्येक वर्षे चालू होत्या, म्हणून संकटाच्या वेळी दोन हजार विद्यार्थिनी तयार होत्या.

आता तुम्ही म्हणाल, “मास्तर, राणीचे ठीक आहे, तिच्या हाती फर्मान होते. आमच्या हाती काय आहे?” याचे उत्तर लेखिकेच्या आयुष्यात आहे.

रुकय्याबाईंचा जन्म 1880 साली रंगपूर जिल्ह्यातील पैराबंद गावी, जमीनदाराच्या घरात झाला. घरात पैसा होता. पण मुलींनी बंगाली वा इंग्रजी शिकावे, ही कल्पना वडिलांना मान्य नव्हती. थोरला भाऊ इब्राहिम रात्री घरची मंडळी झोपली की मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला शिकवी. लग्नानंतर पतीने, भागलपूरचे अधिकारी सखावत हुसेन यांनी, तिच्या लिहिण्याला उत्तेजन दिले आणि मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये बाजूला ठेवले. 1909 साली ते वारले. त्याच वर्षी, दुःख गिळून, या बाईंनी भागलपुरात शाळा उघडली. विद्यार्थिनी किती? पाच! पुढे भागलपूर सोडावे लागले. 1911 साली कलकत्त्यात पुन्हा श्रीगणेशा केला, तो आठ मुलींवर.

त्या दारोदार जाऊन पालकांना विनवीत. स्वतः बुरखा पाळीत, आणि ज्ञान मिळवणे हे स्त्री-पुरुष दोघांचेही धार्मिक कर्तव्य आहे, हे समजावून सांगत. मुलींना ने-आण करायची मोटार पडद्यासाठी इतकी बंद होती की, आत मुली घाबऱ्या होत, बेशुद्ध पडत. म्हणून खिडक्यांना पडदे लावले, तर पडदे वाऱ्याने उडतात अशा तक्रारींची पत्रे आली. बाईंनी हे सारे सोसले, पण शाळा बंद केली नाही. 9 डिसेंबर 1932 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या टेबलावर स्त्रियांच्या हक्कांवरचा एक लेख अपुरा पडला होता. पतीच्या नावाने काढलेली ती शाळा मात्र टिकली.

मुलींनो, ज्या भावाने चोरून शिकवले, त्याच्या बहिणीने हजारो मुलींचा मार्ग मोकळा केला. मुलांनो, त्या इब्राहिमला विसरू नका. आपली बहीण अभ्यासाला बसली असेल, तर पाण्याचा हंडा तुम्ही उचला.

आणि पालकहो, सातवी-आठवी झाली की “पुरे झाले, आता घरकाम शिकू दे” हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात नवीन नाही. कुणाची अडचण पैशाची असते, कुणाची लांबच्या शाळेची, कुणाची लोक काय म्हणतील याची. पहिल्या दोन अडचणी खऱ्या आहेत. त्या घेऊन संस्थेकडे या, आपण मिळून वाट काढू. तिसरीचे उत्तर मात्र तुमच्याच घरात आहे. येत्या जूनमध्ये तुमची मुलगी पुढच्या वर्गात बसेल की नाही, हे ठरवणारे फर्मान तुमच्याच हाती आहे.