छत्तीस फोटो आणि रोजचं लखनौ
(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी नोकरदार माणूस. फोटोग्राफी हा माझा छंद, पोटापाण्याचा धंदा नव्हे. फिल्मच्या कॅमेऱ्यावर या शहरातली रोजची दृश्यं टिपताना जे चार धडे मिळाले, तेवढेच आज सांगतो.

आधी एक गोष्ट. छंद म्हटलं की लोक जरा हलक्यानं घेतात. पण दारोगा अब्बास अली हे लखनौच्या नगरपालिकेत सहाय्यक अभियंता होते. नोकरी सांभाळून त्यांनी शहराचे फोटो काढले आणि १८७४ साली पन्नास छायाचित्रांचा 'लखनौ अल्बम' प्रसिद्ध केला. आज जुनं लखनौ पाहायचं तर तो अल्बम उघडावा लागतो. आपल्या मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, फोटोग्राफीच्या व्यवसायातले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्या नव्या कलेनं सावेदादांना वेड लावलं. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली चित्रीकरण केलं. कशाचं? राजवाड्याचं नाही, दरबाराचं नाही. हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं आणि माकडांना खेळ शिकवणाऱ्या माणसाचं! भारतीय माणसानं फिल्मवर टिपलेल्या अगदी पहिल्या दृश्यांत रोजचीच दृश्यं आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

पहिला धडा हाच. रूमी दरवाजा १७८४ पासून उभा आहे, उद्याही असेल. त्याचे हजारो फोटो आहेत. पण त्याच्याजवळ हातगाडी लावणारा माणूस, गाडीवरची पाटी, तिच्यावर लिहिलेला भाव हे सारं पाच-दहा वर्षांत बदलतं. थंडीत पहाटे चौकात मक्खन-मलईवाले बसतात, ज्येष्ठातल्या बड्या मंगळाला रस्तोरस्ती पुरी-भाजी आणि सरबत वाटतात, जमघटाला आकाश पतंगांनी भरतं. आपल्याला ते रोजचं किंवा दरवर्षीचं म्हणून दिसेनासं होतं. इमारत राहते, तिच्याभोवतीचं जगणं जातं. म्हणून कॅमेरा आधी जगण्याकडे वळवावा.

दुसरा धडा छत्तीसचा. पस्तीस मिलिमीटरच्या रोलमध्ये फोटो छत्तीस. आजच्या मोबाईलवर आपण एका वाढदिवसाला दोनशे काढतो, त्यात वाईट काही नाही. पण रोल महाग आणि धुऊन आल्याशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे माणूस आधी बघायला शिकतो. कुडिया घाटावर मी कॅमेरा डोळ्याला न लावता अर्धा तास नुसता बसतो. नावाडी कुठे वळतो, ऊन कोणत्या पायरीवर येतं, हे कळलं की मग एकच फोटो पुरतो. कॅमेऱ्यात मीटर नसलं तरी अडत नाही. कडक उन्हात छिद्र एफ-१६ वर ठेवावं आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याइतका. १०० चा रोल असेल तर सेकंदाचा सव्वाशेवा भाग. ढगाळ झालं की छिद्र एक-दोन घरं मोठं करावं. हा हिशेब बोटांवर बसला की लक्ष कॅमेऱ्यावरून माणसांकडे जातं.

तिसरा धडा खास लखनवी, पांढऱ्या रंगाचा. पुण्याच्या पाहुण्यांना 'चिकनचा कुर्ता' म्हटलं की आधी हसू येतं. पण तो कुर्ता फोटोत उतरवणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मीटरला वाटतं, जगातलं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे. पांढरा कुर्ता समोर आला की ते प्रकाश कमी करायला सांगतं आणि कुर्ता मळका दिसतो. अशा वेळी मीटर सांगतं त्यापेक्षा एक ते दीड घर जास्त प्रकाश द्यावा. जानेवारीतल्या धुक्यालाही हेच औषध. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश पुष्कळ सोसते, स्लाइडची फिल्म सोसत नाही, तिथे जपून. आणि भरतकाम दाखवायचं असेल तर सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन हवं. दुपारी मुर्री, फंदा, जाळी सगळं सपाट होतं. तिरक्या उन्हात प्रत्येक टाक्याला स्वतःची सावली मिळते.

चौथा धडा माणसांचा. १८५७ च्या नोव्हेंबरात सिकंदर बागेत भयंकर लढाई झाली. फेलिचे बियातो या फोटोग्राफरनं १८५८ साली तिथला फोटो काढला. समोर अंगणात पडलेले सांगाडे दिसतात. ते फोटोसाठी मुद्दाम मांडले असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात. तो फोटो मी जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा वाटतं, समोरच्या माणसाला आपल्या चित्रातलं सामान समजू नये, जिवंत असो वा मेलेला. विचारल्याशिवाय जवळून फोटो घेऊ नये. कोणी नको म्हटलं तर कॅमेरा खाली करावा. आणि घेतला तर त्याची प्रिंट नेऊन द्यावी. चौकात 'भाईसाहब, आपकी अमानत' म्हणून प्रिंट हातात ठेवली की पुढच्या वेळी गल्ली आपली होते.

शेवटचा धडा घरचा आहे, आणि खरं म्हणजे त्यासाठीच मी इथे उभा आहे. आपण सगळे कधी ना कधी चारबाग स्टेशनावर ट्रंका घेऊन उतरलेल्या माणसांची लेकरं-नातवंडं, नाहीतर स्वतःच उतरलेले. तो पहिला भाड्याचा वाडा, पहिला गणपती, पंगतीत वाढणाऱ्या काकू हे सारं कुठे आहे? माळ्यावरच्या डब्यात, निगेटिव्हमध्ये. आपल्यात खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यवसायातले बंधू असतील, त्यांना चांदी गाळण्याबद्दल मी काय सांगावं! कृष्णधवल निगेटिव्हमधलं चित्र चांदीच्याच कणांचं असतं, ते नीट ठेवलं तर शंभर वर्षं टिकतं. रंगीत फिल्म धुताना मात्र चांदी काढून टाकतात, मागे नुसते रंग राहतात आणि ते हळूहळू उडतात. म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या रंगीत निगेटिव्ह आधी बाहेर काढा. लखनौच्या पावसाळी दमटपणात त्यांच्यावरच्या जिलेटिनला बुरशी धरते. ओलीच्या भिंतीपासून दूर, कागदी पाकिटात, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. कडेला धरूनच उचला. स्कॅनर नसेल तर पांढऱ्या उजळ पडद्यावर ठेवून मोबाईलनं फोटो घ्या, रंग उलटे करणारी सोय मोबाईलमध्ये असते.

आणि सर्वांत महत्त्वाचं, नावं लिहा. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीनं कोण, कुठे, कोणत्या साली एवढं लिहा. फोटो टिकला आणि नाव गेलं तर घरातलाच माणूस अनोळखी होतो. ती नावं सांगणारी माणसं आज या मांडवात पहिल्या रांगेत बसली आहेत. उत्सव संपायच्या आत एका संध्याकाळी त्यांच्याजवळ डबा घेऊन बसा. फोटो पुढच्या वर्षीही असतील, पण सांगणारा आवाज असेलच असं नाही.

गणपती बाप्पा मोरया!