तांड्याच्या शेजारचे पाहुणे

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ, टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला आमचं चार खोल्यांचं अतिथिगृह आहे. एका बाजूला बंजाऱ्यांचा तांडा, दुसऱ्या बाजूला थोड्या अंतरावर कोलामांचा पोड. पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘वाघ दिसेल ना?’ दुसरा, ‘वाय-फाय आहे ना?’ शेजारी कोण राहतं, हे विचारणारा क्वचितच भेटतो. त्या शेजाऱ्यांविषयी आज थोडं बोलावंसं वाटतं.

बंजारा समाज मूळचा फिरता. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून लमाणांचे तांडे देशभर जात. फौजांना रसद पोचवण्याचं कामही त्यांनी केलं. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि हा व्यापार बसला. १८७१च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यातून बंजारेही सुटले नाहीत. तो शिक्का पुसला गेला १९५२ साली. पुढे याच जिल्ह्यातल्या, पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ असे अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. तांडे स्थिरावले, मुलं शिकली. पण कोरडवाहू कापसावर वर्ष निघत नाही. म्हणून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबं आजही ऊसतोडीला किंवा शहरात बांधकामावर जातात.

टिपेश्वरला अभयारण्याचा दर्जा मिळाला १९९७ साली. क्षेत्र जेमतेम दीडशे चौरस किलोमीटर. आमच्याकडे सुरुवातीला यायचे ते पक्षी पाहणारे, अभ्यासक, एखादा हौशी छायाचित्रकार. चार-चार दिवस राहायचे, ज्वारीची भाकरी आणि ठेचा आवडीने खायचे, संध्याकाळी तांड्यातल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारत बसायचे.

मग वाघांमुळे या भागाचं नाव सर्वदूर झालं. २०१८च्या नोव्हेंबरात शेजारच्या राळेगाव तालुक्यात ‘अवनी’ वाघीण मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते. २०१९मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला, तो थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे तीन हजार किलोमीटर चालला, म्हणून लोक त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. तांड्याचे नायक ही बातमी ऐकून हसले. म्हणाले, “आमचे बैल थांबले अन् वाघ लमाण झाला!”

नागपूर-हैदराबाद महामार्ग जवळच असल्याने आता दोन्हीकडून गाड्या येतात. पाहुणा शनिवारी दुपारी उतरतो, संध्याकाळी एक सफारी, रविवारी पहाटे दुसरी, आणि जेवून परत. वाघ दिसला तर जागा छान, नाही दिसला तर पैसे वाया. आसपास जमिनींचे भाव विचारणारे लोक फिरू लागले आहेत.

याचा तांड्याला फायदा आहे, हे मान्य केलं पाहिजे. काही तरुण गाइड झाले, काही जिप्सी चालवतात. आमच्या स्वयंपाकघरात तांड्यातल्या दोन बाया आहेत. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते जून, आणि ऊसतोडीचेही महिने जवळपास तेच. म्हणजे इथे एक नोकरी मिळाली, की एक कुटुंब कोयता घेऊन परमुलखात जात नाही, त्यांच्या मुलांची शाळा सुटत नाही.

पण ज्या वाघामुळे पाहुणा येतो, त्याच वाघाच्या भीतीत बाकीचा तांडा जगतो. चराईची जागा आक्रसली. गाय मारली गेली तर भरपाईसाठी पंचनामा, कागद, हेलपाटे. रात्रपाळीची वीज आली, की ओलितासाठी काळोखात शेतावर जावंच लागतं. पाहुणा जिप्सीत बसून ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवतो, तो समोर येऊ नये म्हणून आमचा शेजारी देवाला हात जोडतो.

अलीकडे एक नवी मागणी येते. रात्री शेकोटीभोवती फेटिया-कांचळी घातलेल्या बायांचा नाच ठेवा, वेगळे पैसे देऊ. मी नायकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “होळीला लेंगी होते तेव्हा पाहुण्याला घेऊन या, आमच्यासोबत जेवू द्या. पण पाहुणा आला म्हणून होळी येत नसते, भाऊ.” तेव्हापासून आमच्याकडे हाच नियम आहे. काही पाहुणे नाराज होऊन दुसरीकडे जातात. जावोत.

श्रावणात तांड्यात तीज असते. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. त्या दिवसांत पावसामुळे अभयारण्य बंद असतं, आमच्या खोल्या रिकाम्या असतात. तांड्याचा सर्वांत देखणा सण पर्यटकांच्या नजरेआड होतो. तो तसाच राहावा, असं मला मनापासून वाटतं.

श्रोतेहो, टिपेश्वरला जरूर या. जमलं तर दोन रात्री राहा. गाइड तांड्याचा किंवा पोडाचा आहे का, हे आवर्जून विचारा. वाटेत गुरं आडवी आली तर हॉर्न वाजवू नका. वाघ दिसणं न दिसणं नशिबाचा भाग. शेजारी मात्र रोज दिसतात, त्यांना रामराम तेवढा घाला.