पोटातील रक्तस्राव : विलंब नको, उपचार हवा

(भोसरी औद्योगिक वसाहतीतील कामगारांपुढे केलेले भाषण)



यंत्रावर बोट कापले की रक्त दिसते. आपण काम थांबवून तत्काळ पट्टी बांधतो. पोटातील जखम मात्र दिसत नाही. तिच्या खुणा ओळखाव्या लागतात : उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट पदार्थ पडणे आणि शौचास डांबरासारखे काळे, चिकट व दुर्गंधीयुक्त होणे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो. परंतु जोडीला चक्कर, घाम वा धडधड असेल, तर रक्तस्राव होत आहे असेच समजावे.

अशा वेळी ‘रात्रपाळी संपल्यावर पाहू’ हा विचार जिवावर बेतू शकतो. रुग्णाला आडवे निजवावे, तोंडाने काहीही देऊ नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णालयात प्रथम शिरेतून द्रव देऊन रक्तदाब सावरतात. हिमोग्लोबिन फार घटल्यास, साधारणतः 7 ग्रॅमच्या खाली गेल्यास, रक्त देतात. त्यानंतर बहुधा 24 तासांच्या आत तोंडावाटे दुर्बीण घालून रक्तस्रावाची जागा शोधतात. व्रणातून रक्त वाहत असेल, तर तेथेच इंजेक्शन, उष्णता किंवा धातूचा लहान चिमटा यांच्या साहाय्याने ते थांबवितात. मद्यपानाने वा अन्य कारणाने यकृत निकामी होऊन अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटल्या असतील, तर त्यांना रबरी कडी बसवितात. या उपायांमुळे बहुतेकांची शस्त्रक्रिया टळते.

व्रणाची दोन मुख्य कारणे आपण दूर करू शकतो. पहिले, अंगदुखीसाठी परस्पर घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या. त्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. हृदयविकारासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरे कारण जंतूचे. व्रण काळजीने व तिखटाने होतो, असा पूर्वी समज होता. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये जठरातील ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू शोधला; 2005 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. त्यावरील अमॉक्सिसिलिन हे औषध पेनिसिलिनच्याच कुळातील. आणि पेनिसिलिन आपल्या परिसराला परके नाही. त्यासाठीच 1954 मध्ये शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला.

बंधुभगिनींनो, यंत्रातून तेल गळू लागले तर आपण पाळी संपण्याची वाट पाहत नाही. स्वतःच्या देहाविषयीही तीच दक्षता बाळगा. आपल्या घरी कोणीतरी आपली वाट पाहत असते.