आधी आवतण, मग गोंधळ

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिव साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही परदेशात आपली लोकनृत्यं बसवता, त्यावर थोडं बोला." कौतुकाचं बोलणं सोपं असतं. पण आज घरच्याच माणसांपुढे उभी आहे, म्हणून माझी एक चूक सांगते.

माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. लातूरच्या शेजारी तुळजापूर आणि नांदेडच्या टोकाला माहूर. गोंधळ्यांमध्ये तुळजाभवानीचे ते कदमराई आणि रेणुकेचे ते रेणुराई. आपण दोन्हींच्या मधोमध राहतो. आपल्याकडं लग्न झालं की गोंधळ, जावळ झालं की गोंधळ. लहानपणी संबळाचा आवाज आला की मी गाढ झोपेतून उठून बसायची.

मुलाकडे अमेरिकेला गेले, तेव्हा तिथल्या मराठी मंडळानं गणपतीत काहीतरी बसवा म्हणून गळ घातली. अठरा मुलं जमली. मी गोंधळ घेतला. वेळ मिळाला सहा मिनिटं. मग काय, कात्री लावली. गण ठेवला, उड्या-गिरक्या ठेवल्या. पण गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावतात, तो भाग काढून टाकला. म्हटलं, ह्या लेकरांना ती गावं कुठं माहीत? हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी होती, म्हणून दिवटीला बॅटरीचा दिवा लावला. टाळ्या खूप पडल्या.

कार्यक्रमानंतर उदगीरकडचे एक आजोबा भेटले. लेकाकडे राहायला आले होते. म्हणाले, "लेकरं छान नाचली बाई. पण देवीला आवतणच दिलं नाहीत, मग ती येणार कशी?"

मला रात्रभर झोप लागली नाही.

नांदेडला परत आले आणि एका वयस्कर गोंधळ्यांकडे गेले. आपल्या सोसायटीतल्या लग्नांत पार्किंगमध्ये गोंधळ घालायला तेच येतात. मी चूक कबूल केली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वेळ कमी असंल तर उड्या कमी करा. बोलावणं कापू नका. गोंधळ नाचायला नसतो बाई, बोलवायला असतो." मग त्यांनी मला चौक मांडण्यापासून आरतीपर्यंत सगळं पुन्हा शिकवलं. इतकी वर्षं मी फक्त पावलं शिकले होते.

पुढच्या वर्षी त्याच मुलांना पहिल्या दिवशी नाच शिकवलाच नाही. सांगितलं, भारतात आजी-आजोबांना फोन करा आणि विचारा, आपलं मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं. आठवडाभरात नावं आली. तुळजापूर, माहूर, अंबाजोगाईची योगेश्वरी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा. एका मुलीची आजी फोनवर रडली म्हणे. नातीनं आपण होऊन गावाचं नाव पहिल्यांदाच विचारलं होतं. कार्यक्रमात प्रत्येक मुलानं आपल्या दैवताला स्वतः आवतण दिलं. ह्या वेळी उड्या दोनच होत्या. मंडळानं गोंधळीबुवांची बिदागी पाठवली, ती मी त्यांच्या हातात दिली.

मॉरिशसचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर भारतातून मजूर नेले गेले. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. त्यांच्याबरोबर ना कोणी नृत्यशिक्षक गेला, ना कॅसेट गेली. तरी आजही तिथले मराठी लोक गणपतीपुढे 'झाकरी' नाचतात. ही आपल्या कोकणातली जाखडी. त्यांनी घरात गणपती ठेवला, म्हणून नाच राहिला. ज्या कारणासाठी नाचायचं ते कारण घरात असलं की नाच टिकतो.

आता आपल्याकडे वळते. आपणही कुठून कुठून आलोय. कोणी मुखेडचं, कोणी कंधारचं, कोणी अहमदपूरचं, कोणी देगलूरचं. पंचवीस वर्षांत ह्या इमारतींमध्ये जन्मलेली मुलं मोठी झाली. परवा तालमीला आलेल्या आपल्याच मुलांना मी तोच प्रश्न विचारला. चौदापैकी पाच जणांना मूळ गाव सांगता आलं. म्हणजे अमेरिकेतल्या मुलांना नावं ठेवायला आपल्याला तोंड नाही.

म्हणून संस्थेला एक विनंती आहे. येत्या नवरात्रात एक रात्र डीजे नको. गोंधळीबुवांना रीतसर बोलवू, योग्य बिदागी देऊ, आपल्या पटांगणात चौक मांडू. लेकरांना जागं ठेवा, पेंगली तरी चालतील. आणि तोपर्यंत प्रत्येक घरात मुलांना आपलं गाव आणि आपलं दैवत सांगून ठेवा. आवतण द्यायची वेळ आली की ते त्यांनाच द्यायचं आहे.

पंचविसाव्या वर्षाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा.