उद्घाटन सोपे, दुसरे वर्ष कठीण

(फोंडा महालातील एका गावी लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या सेवाकेंद्राच्या उद्घाटनप्रसंगी झालेले भाषण)



नारळ फुटला, फीत कापली गेली, टाळ्याही झाल्या. हा आनंद तुमच्या हक्काचा आहे. हे केंद्र कोणा एका धनिकाने बांधून दिलेले नाही. एकाने जुना मांगर दिला, दुसऱ्याने चिरे दिले, तिसऱ्याने कौले दिली; आणि ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते त्यांनी रविवारमागून रविवार घाम दिला. गाव करी ते राव न करी, हे तुम्ही दाखवून दिलेत.

परंतु आज मला स्तुती करायची नाही. आपल्याकडे संस्था जन्माला येतात वाजतगाजत आणि मरतात गुपचूप. पायाभरणीला पैसा मिळतो, कारण तिथे संगमरवरी पाटी लागते. परिचारिकेच्या पगारावर, औषधाच्या बिलावर आणि पेट्रोलच्या खर्चावर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी पेटी रिकामी होते आणि तिसऱ्या वर्षी कुलूप लागते.

हे केंद्र कोणासाठी आहे? घराघरांत अंथरुणाला खिळलेल्या आणि एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. मुले मुंबईत, आखातात, विलायतेत. दरमहा पैसे येतात, त्याबद्दल त्यांना दोष देऊ नका. पण पैसा पाठवता येतो, हात पाठवता येत नाहीत. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या माणसाला खाऊन टाकतात. हे काम मनीऑर्डरीने होत नाही, शेजाऱ्याने होते.

हे शक्य आहे काय? केरळकडे पाहा. १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाध्य रोग्यांच्या वेदना शमवण्याचे काम सुरू केले. लवकरच उमगले की रोगी खेड्यांत आहेत आणि डॉक्टर शहरात. तेव्हा त्यांनी गावकऱ्यांनाच हाताशी धरले. आठवड्याला निदान दोन तास देईल त्याला घ्यायचे, सोळा तासांचे शिक्षण द्यायचे, चार दिवस प्रत्यक्ष रोग्यांपाशी न्यायचे आणि मग आपल्याच वाड्यातील घरी पाठवायचे. पैसा कुठून आला? बहुतांशी दुकानांतल्या डब्यांतून, शाळकरी मुलांच्या नाण्यांतून, मजुरांच्या चिमूटभर दानातून. मलप्पुरम जिल्ह्यात हे जाळे गावोगाव पसरले आणि २००८ साली केरळ सरकारने या सेवेचे धोरणच जाहीर केले. आधी लोक चालले, मागून सरकार आले.

आपल्या घरचेही उदाहरण आहे. मुंबईतील गोमंतकीयांच्या ज्या धी गोवा हिंदु असोसिएशनने १९७० साली शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले, त्याच संस्थेने पुढे याच फोंडा महालात, बांदिवड्यास, वृद्धांसाठी ‘स्नेहमंदिर’ उभारले. रंगमंचावर म्हाताऱ्याचे दुःख पाहून डोळे पुसणे सोपे. त्याच्यासाठी खरोखरीची खोली बांधणे, हे काम. आणि महर्षी कर्वे? १८९६ साली संस्था काढली, १९०० साली हिंगण्याच्या माळावर एक झोपडी बांधली. इमारत होईपर्यंत थांबले नाहीत. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि पायी चालत हिंगणे गाठायचे. लोकांनी दान दिले ते त्यांच्या वक्तृत्वाला नव्हे, त्या पायपिटीला दिले.

म्हणून चार गोष्टी सांगतो, त्या कडू लागल्या तरी गिळा.

पहिली : दरमहा पहिल्या रविवारी जमाखर्चाचा कागद या दारावर लागला पाहिजे. रुपयाची पावती, रुपयाचा हिशेब. संशयाची एक ठिणगी दहा वर्षांची पुण्याई जाळते.

दुसरी : एकदाच हजार देणाऱ्याचे आभार माना, पण दरमहा दहा देणारा शोधा. केंद्र चालेल ते त्याच्यावर.

तिसरी : येथे दाराशी वाडा विचारायचा नाही, जात विचारायची नाही, देऊळ की चर्च ते विचारायचे नाही आणि मत कोणाला दिले तेही विचारायचे नाही. दुखणे कोणत्याच पक्षाचे सभासद नसते.

चौथी, सर्वांत कठीण : स्वयंसेवकाने येतो म्हटलेल्या वेळी आलेच पाहिजे. पगारी माणूस आला नाही तर पगार कापता येतो. तुम्ही आला नाहीत तर कापला जातो तो दाराकडे डोळे लावून बसलेल्या म्हाताऱ्याचा विश्वास. फुकट केलेली सेवा म्हणजे मर्जीची सेवा नव्हे.

आणि मुख्य म्हणजे, ज्या घरी एक सून किंवा एक लेक रात्रंदिवस रोग्याजवळ बसलेली असते, तिलाही विसरू नका. आठवड्यातून दोन तास तुम्ही तिच्या जागी बसलात, तर ती बाजारला जाईल, देवळात जाईल, नाहीतर निवांत झोपेल. तीही सेवाच.

व्यासपीठाशेजारच्या मेजावर दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत देणगीचे आकडे लिहायचे. तिची पाने भरत आलेली मला दिसतात. दुसरीत वार आणि वेळ लिहायची. ती अजून कोरी आहे. घरी जाण्यापूर्वी त्या कोऱ्या वहीपाशी थांबा आणि आपापले दोन तास लिहा. केंद्राचे खरे उद्घाटन त्या वहीत होणार आहे.